जागा भरायला

मंगळवार, रात्री उशिरा

झोप येईना म्हणून अमेरिकन गायक बिल विदर्सचं ‘एन्ट नो सनशाइन’ हे गाणं लावलं आणि अंधारात बोटांची पेरं मोजत बसलो. मधे तो ‘आय नो, आय नो’ म्हणत सुटतो, ते २६ वेळा आहे म्हणे. माझे २५च भरले.

खरं तर तिथे कडवं यायचं होतं. शब्द सुचले नव्हते, म्हणून जागा भरायला त्याने ‘आय नो’ घातलं. पुढचं नंतर लिहू असा बेत. सोबतचे मुरलेले वादक म्हणाले, राहू दे असंच. हा नवखा, त्याने ऐकलं. बरं झालं! बाकीची वाद्यं मागे सरतात आणि त्याच दोन शब्दांवर तो जो अडून बसतो, त्यात घरातून कुणी निघून गेल्यावरचं सगळं येतं. कडवं लिहिलं असतं तर त्याने कारणं दिली असती.

हे १९७१ सालचं. तेव्हा हा माणूस विमानातल्या संडासांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. पहिल्या अल्बमच्या कव्हरवरचा फोटोही कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीतलाच. हातात डबा आहे. गाण्याच्या धंद्याचा भरवसा नाही म्हणून नोकरीही लगेच सोडली नाही. मला हे गाण्याइतकंच आवडतं.

मग दुसरा अमेरिकन गायक, ओटिस रेडिंग, त्याच्याकडे वळणं आलंच. त्याच्या ‘डॉक ऑफ द बे’ गाण्याच्या शेवटची ती शिट्टी. तिथे तो काहीतरी बोलणार होता, ऐनवेळी विसरला आणि शिट्टी वाजवली, असं त्याचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर सांगायचा. थोड्याच दिवसांत, १० डिसेंबर १९६७ ला, ओटिस विमान अपघातात गेला. वय २६. क्रॉपरने लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज मागाहून मिसळले. शिट्टीला हात लावला नाही.

बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीचं मात्र उलट. ‘येस्टरडे’ची चाल त्याला झोपेतून उठताना सुचली आणि शब्द मिळेपर्यंत तो त्या चालीवर ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणत होता. ते त्याने बदललं, आभार.

ओटिसची शिट्टी मारून पाहिली. नुसती हवा. परत विदर्स लावला, या वेळी डोळे मिटून, नीट मोजलं.

२७.