राजवाड्याला टेक्स्चर चढवताना

इंदूरचा राजवाडा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उभा करायला घेतला, तेव्हा आकाराचं काम त्या मानाने लवकर उरकलं. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. वेळ खाल्ला तो त्यावर दगड आणि लाकूड चढवण्याने, म्हणजे टेक्स्चरने: मॉडेलच्या पृष्ठभागावर फोटो चिकटवण्याने.

फोटो मी मुद्दाम ढगाळ दिवशी काढले. उन्हातल्या फोटोत सावल्या दगडासकट येतात. मग मॉडेलमध्ये दिवा कुठूनही लावा, त्या जागच्या हलत नाहीत. थोडं लांब, भिंतीच्या अगदी समोर उभं राहून झूम करत होतो. शेजारच्या फेरीवाल्याला राहवेना. "भिया, पूरा महल छोड़ के दीवार का फोटू?" त्याला काय सांगणार!

घरी येऊन गिंप या फोटो-एडिटरमध्ये २०४८ बाय २०४८ पिक्सेलचा तुकडा कापला. तोच भिंतभर पुन्हा पुन्हा लागणार, म्हणून ऑफसेटने निम्म्याने सरकवला. तसं केलं की कडा मधोमध येतात आणि सांधा उघडा पडतो. तो क्लोन टूलने, म्हणजे शेजारच्या दगडाची नक्कल उमटवून, बुजवायचा. एका दगडावर पानाची पिचकारी होती. ती राहिली असती, तर तिन्ही मजल्यांवर ठरावीक अंतराने कुणीतरी थुंकून गेल्यासारखं दिसलं असतं!

मग अनरॅप, म्हणजे चित्र बसवायला मॉडेलचा पृष्ठभाग सपाट उलगडणं. ऑब्जेक्ट मोडमध्ये ताणलेल्या भिंतींना आधी कंट्रोल-ए दाबून स्केल अप्लाय केलं, नाहीतर चित्रही ताणलं जातं. खांबांचं म्हणाल तर शिंपी बाही उसवतो तसंच: मागच्या बाजूला उभी सीम (उलगडताना कापायची रेघ), वर-खाली गोल सीम, आणि मग यू दाबून अनरॅप. स्मार्ट यूव्ही प्रोजेक्ट, म्हणजे आपोआप उलगडणं, झटपट होतं खरं, पण कोरीवकामाचे ते इतके बारीक तुकडे करतं की लाकडाचे रेघारेघांचे पट्टे जुळतच नाहीत. फोटो लावण्याआधी चौकटींचं चेकर चित्र लावून पाहिलं. चौकोन चौकोनच दिसले आणि सगळीकडे साधारण एका मापाचे दिसले, की पुढे जायचं.

लाकडाची गोष्ट वेगळी. खांबात रेषा उभ्या हव्यात, तुळईत आडव्या. चित्र तेच, तुळयांचे यूव्ही तुकडे (उलगडलेले सपाट भाग) तेवढे ९० अंशांत फिरवले. एवढ्यानेच वरचे मजले सुताराच्या हातचे वाटायला लागले.

त्याच फोटोची काळी-पांढरी प्रत रफनेसला, म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत ते ठरवणाऱ्या जागी, जोडली. तिथे कलर स्पेस (चित्रातले आकडे कसे वाचायचे ते) नॉन-कलर ठेवावी लागते. रंगीत फोटोंची नेहमीची एसआरजीबी राहिली तर दगड नको तितका चकाकतो.

फाइल बडोद्याच्या मामेभावाला पाठवायची होती. चित्रं सोबत गेली नाहीत तर त्याच्याकडे अख्खा राजवाडा गुलाबी उघडेल, म्हणून एक्स्टर्नल डेटामधून पॅक रिसोर्सेस करून ती फाइलमध्येच भरली. फाइल भलतीच फुगली, पण फोन करून फोल्डर समजावण्यापेक्षा ते परवडलं.