तोट्यातलं प्रॉडक्ट चार्टवरून गायब!

तिमाही रिव्ह्यू चालू होता आणि स्क्रीनवर कलीगने केलेला बबल चार्ट. आडव्या अक्षावर विक्रीतली वाढ, उभ्यावर ग्राहकांचं रेटिंग, बबलचा आकार म्हणजे नफा आणि रंग प्रॉडक्टच्या गटाप्रमाणे, एकाच चित्रात 4 गोष्टी, दिसायला एकदम झकास. सगळे माना डोलावतायत तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "अरे, ते तोट्यातलं प्रॉडक्ट कुठंय यात?"

शोधलं तर खरंच नाही! डेटात ओळ आहे, चार्टवर बबल नाही. फिल्टर बघितला, रेंज बघितली, सगळं बरोबर. मग लक्षात आलं, नफा मायनसमध्ये आहे ना, आणि फॉरमॅटच्या पॅनलमध्ये 'शो निगेटिव्ह बबल्स'वर टिक नसेल तर एक्सेल असे बबल दाखवतच नाही, एरर नाही वॉर्निंग नाही, गुपचूप गायब. टिक केली तर अजूनच गंमत. बबल आला पण चांगला मोठ्ठा, कारण मायनसचं चिन्ह सोडून नुसत्या आकड्यावरून आकार ठरतो, म्हणजे तोटा जितका जास्त तितका बबल गुबगुबीत.

त्याच पॅनलमध्ये आकार क्षेत्रफळावर ठेवायचा की रुंदीवर असा ऑप्शन असतो, तो रुंदीवर होता. म्हणजे नफा 4 पट असेल तर डोळ्याला 16 पट दिसणार. इतका वेळ सगळे ज्याला "हा तर स्टार" म्हणत होते तो क्षेत्रफळावर टाकल्यावर बऱ्यापैकी आटोक्यात आला :)

कलीगचं म्हणणं, जगाची आकडेवारी बबल चार्टवर समजावणारा स्वीडिश डॉक्टर हान्स रोसलिंग, त्याने 2006 च्या टेड टॉकमध्ये असंच तर केलं होतं. बरोबर, पण त्याने आकारात लोकसंख्या ठेवली होती, जी कधी मायनस होत नाही आणि तिथं ती अचूक वाचायची कोणाला गरजही नव्हती. मुद्द्याच्या गोष्टी, म्हणजे आयुर्मान आणि जननदर (एका बाईमागे किती मुलं), त्या अक्षांवर होत्या. वर्तुळाचं क्षेत्रफळ नजरेने जोखण्यात माणूस कच्चाच असतो, अक्षावरची जागा मात्र पटकन कळते.

शेवटी तिथंच बसून नफा उभ्या अक्षावर घेतला, शून्यावर जाड रेघ मारली, आकाराला विक्री दिली आणि एकमेकांवर चढलेले बबल दिसावेत म्हणून रंग अर्धपारदर्शक केले. रेघेखाली तो एकटा बबल, आणि विक्री चांगली असल्यामुळे मोठाच, पुढची सगळी मीटिंग त्याच्यावरच झाली. रेटिंग या गडबडीत चार्टमधून उडालं, ते कोणी अजून मागितलेलं नाही.