गच्चीवरचं पर्जन्यमापक, नोंद ७ : रजिस्टर विंगनुसार

नव्यांसाठी थोडक्यात : मुलुंडला आमच्या गच्चीवर टिपिंग बकेटचं पर्जन्यमापक बसवलंय. वाटी एकदा कलंडली की ०.२ मिमी. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ते मोजतो आणि माँगोडीबी अ‍ॅटलास या इंटरनेटवरच्या डेटाबेस सेवेच्या फुकट क्लस्टरमध्ये (डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरांच्या गटात), एडब्ल्यूएस म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये टाकतो. ५१२ एमबीची मर्यादा आहे, आपल्या पावसाला पुरून उरते.

घोळ माझाच. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे माप बरोबर येतं का ते तपासायला, ओतलेलं पाणीही खऱ्या नोंदींत जाऊन बसलं. एका कोरड्या मंगळवारी मुलुंडला ४० मिमी पाऊस दिसतोय, तो माझा पेलाभर पाण्याचा. म्हणून चाचणीसाठी वेगळा क्लस्टर हवा होता. पण एका प्रोजेक्टमध्ये फुकटचा एकच मिळतो. मग नवा प्रोजेक्ट काढला, कनेक्शन स्ट्रिंग (स्क्रिप्टमधली क्लस्टरच्या पत्त्याची ओळ) बदलली, स्क्रिप्ट चालवली. ३० सेकंद शांतता, मग 'सर्व्हर सिलेक्शन टाइमआउट', म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. वायफाय बघितलं, केबल हलवून झाली, पाय दोनदा रीस्टार्ट केला.

कारण साधं होतं. वर ऑर्गनायझेशन, तिच्यात प्रोजेक्ट, प्रोजेक्टमध्ये क्लस्टर, त्यात डेटाबेस, त्यात कलेक्शन, म्हणजे नोंदींचा गठ्ठा. बिल ऑर्गनायझेशनच्या नावावर. पण कुठल्या आयपीला (इंटरनेटवरच्या पत्त्याला) आत सोडायचं ती यादी आणि डेटाबेस युजर प्रोजेक्टचे. ए विंगच्या रजिस्टरात नाव आहे म्हणून बी विंगचा वॉचमन थोडाच सोडतो! पहिल्या वेळी सेटअपनेच दोन्ही विचारून घेतलं होतं, त्यामुळे ते कुठे राहतं हे कधी बघितलंच नाही. आयपी टाकला तर पुढची एरर ऑथेंटिकेशनची, म्हणजे लॉगिनची. युजरही नवा करावा लागला.

सगळं जग आत घेणारं ०.०.०.०/० टाकायचा मोह झाला, कारण राउटर बंद-चालू झाला की घरचा आयपी बदलतो. टाकलं नाही. एक आठवड्याने आपोआप पुसली जाणारी तात्पुरती नोंद करता येते, चाचणीपुरती तेवढी बास. खऱ्या क्लस्टरसाठी मात्र प्रत्येक टिप (वाटीचं एक कलंडणं) आता आधी पायवरच्याच एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये साठवतो, जोडणी झाली की वर ढकलतो.

जाता जाता : फुकटचा क्लस्टरसुद्धा तीन नोडचा, म्हणजे तीन सर्व्हरांचा असतो. लिहिणं फक्त प्रायमरी या मुख्य नोडवर, दोन सेकंडरी नक्कल ठेवतात. प्रायमरी पडला तर उरलेले दोघे तिघांतलं बहुमत धरून नवा निवडतात. दोनच नोड असते तर उरलेल्या एकट्याला बहुमत कुठून मिळणार? कनेक्शन स्ट्रिंगमध्ये एकच नाव दिसतं, नोडचे पत्ते ड्रायव्हर (स्क्रिप्टला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) डीएनएस या इंटरनेटच्या नावं-पत्त्यांच्या वहीतून घेतो. प्रायमरी मुद्दाम पाडून बघायची हौस होती, पण ती सोय एम१० या क्लस्टरच्या पायरीपासून पुढे, म्हणजे पैसे मोजून. राहू दे.

जुने ४० मिमी पुसले नाहीत, 'चाचणी' अशी खूण करून ठेवलेत. रात्री नव्या क्लस्टरवर तोच पेला पुन्हा ओतला. २०० टिप यायला हव्या होत्या, १९७ आल्या. तीन वाटीत हरवल्या की वायरमध्ये, ते रविवारी गच्चीवर.