मागचं चाक डुललं: परदेशी गाडी घेऊन लांब निघणाऱ्यांसाठी

पहिले तीन दिवस मजेत गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. थेट चौथ्या दिवशीच्या दगडी उतारावर येतो. गाडी म्हणजे जपानी मोटारसायकल, ६५० सीसीची, बाहेरून आणलेली, माझ्याआधी दोघांनी वापरलेली. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की मागच्या चाकाची बेअरिंग नुकतीच नवी टाकलीत, आणि पार्टची चिंता नको, त्याच कंपनीच्या छोट्या गाडीचे बसतात. बेअरिंग खरंच नवी होती. दुखणं तिथेच होतं.

उतारावरच्या दुसऱ्याच वळणाला मागचा भाग आपल्या मनाने जायला लागला. आधी वाटलं हवा कमी झाली, म्हणून हवा भरली. मग वाटलं सामान एका अंगाला सरकलंय, म्हणून पट्टे सोडून पुन्हा आवळले. दोन तास यात घालवले. शेवटी गाडी मेन स्टँडवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं, तर टक्‌ टक्‌ आवाज आणि डोळ्यांना दिसेल एवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा. ही तपासणी एका मिनिटाची आहे. रोज सकाळी करा. मी करत नव्हतो.

उरलेला उतार चालण्याच्या वेगाने उतरलो, त्यात संध्याकाळ झाली. खालच्या गावात परदेशी गाड्यांचं काम करतो म्हणणारा एक जण होता. त्याने गाडीचं नाव विचारलं, वर्ष विचारलं आणि चाकाकडे न बघताच निकाल दिला: बेअरिंग सुटी मिळत नाही, पूर्ण हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, मागवावा लागेल, तीन आठवडे. मागितलेल्या पैशांत दोन्ही टायर नवे आले असते. वर चाक हलवून बघण्याचे वेगळे पैसे, आणि ते मी निमूट दिले, कारण अंगात वाद घालण्याचं त्राण नव्हतं. दमलेले असताना दुकानात जाऊ नका. आधी झोप काढा.

सकाळी पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीचं नाव विचारलंच नाही. बेअरिंग ठोकून काढलं, चिंधीने ग्रीस पुसलं आणि कडेवरचा आकडा वाचला: ६२०४. तेच बेअरिंग त्याच्या फळीवर डबीत पडलेलं होतं. आतला व्यास २०, बाहेरचा ४७, जाडी १४ मिलिमीटर. हा आकडा गाडीच्या कंपनीचा नसतो, जगभर सगळे बेअरिंगवाले तोच वापरतात. शेवटचे दोन अंक ०४ किंवा त्यापुढचे असतील तर पाचाने गुणा, आतला व्यास मिळतो. ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. रस्त्यावर वापरायचं असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या.

तर गाडीचं नाव कुणालाही सांगू नका. नाव ऐकलं की भाव चढतो आणि डोकं बंद पडतं. आकडा सांगा.

पण नवं बेअरिंग इतक्या लवकर का गेलं? दोन्ही बेअरिंगच्या मधे हबच्या पोटात एक नळी असते, स्पेसर. माझ्या चाकातली नळी मूळची नव्हतीच. कुणीतरी साधा पाइप करवतीने कापून बसवला होता आणि तो आखूड होता. नळी आखूड असली की एक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळताना बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, बेअरिंगवर आडवा दाब येतो, ते तापतं आणि मरतं. ओळखायची खूण सोपी आहे: एक्सल ढिला असताना चाक मोकळं फिरतं आणि आवळल्यावर जड होतं. जुनी गाडी घेताना हे करून बघा, विकणारा काहीही म्हणो. लेथवाल्याने बेअरिंगच्या दोन बैठकींमधलं अंतर मोजून, त्याहून केसभर लांब नळी करून दिली. बसवताना एक बेअरिंग पूर्ण तळाला नेलं, मग नळी, मग दुसरं नळीला टेकेपर्यंतच. ठोकायचं नेहमी बाहेरच्या कडीवर. जुनं बेअरिंग वर ठेवून ठोकलं की काम भागतं.

एवढ्यावर खूश होतो, तेवढ्यात स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, बाजूचं बेअरिंग पुसलं. त्यावर ६२/२२. हे अवलादी प्रकरण आहे. तिरकी रेघ असली की गुणाकार नाही, आतला व्यास थेट २२. बाहेरचा ५०, जाडी १४. ६२०४ लहान पडतं, ६२०५ मोठं. फळीवर नव्हतं, गावात कुणाकडेच नव्हतं. एकाने ६२०४ आतून वाढवून आणि बाहेरून बुश घालून बसवतो म्हटलं. साफ नाही. बेअरिंगची कडी कडक पोलादाची असते, ती लेथवर वाढवायच्या गप्पा मारणाऱ्याच्या हातात चाक देऊ नये. सुदैवाने ते अजून शाबूत होतं, तसंच ठेवलं. निघण्याआधी हब उघडून सगळे आकडे वहीत लिहा, आणि तिरकी रेघवाली बेअरिंग घरूनच न्या.

'छोट्या गाडीचे बसतात' हे अर्धसत्य आहे. ब्रेकपॅड बसले, कारण कॅलिपर, म्हणजे पॅड धरून दाबणारा भाग, तोच होता. पॅडसाठी कॅलिपर बघायचा, टाकीवरचं नाव नाही. चेन ५२० आणि ५२५ दोन्हींचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, सारखाच, १५.८७५ मिलिमीटर, पण रुंदी वेगळी. त्यामुळे स्प्रॉकेट न बदलता क्रमांक बदलू नका. होंडाच्या पार्ट नंबरमधला मधला तीन अक्षरांचा गट तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी केला ते सांगतो, यामाहात ते सुरुवातीलाच असतं. ब्रेकच्या पाइपचा बोल्ट १० मिलिमीटरचाच असला तरी आट्यांमधलं अंतर १.० किंवा १.२५ मिलिमीटर असू शकतं. दोन फेरे बोटाने गेला नाही तर पाना लावायचाच नाही. हे मी दुसऱ्याच्या फुटलेल्या कॅलिपरवरून शिकलोय.

पुढचे चार दिवस रस्ता गुळगुळीत. दर थांब्याला हबवर हात ठेवून बघत होतो, गार लागला की पुढे.