ग्रिल घेताना खिशात लोहचुंबक

न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागच्या गॅस ग्रिलचा बर्नर यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर साफ करताना हातातच तुटला. झाकण मात्र अजून लखलखत होते. म्हणून हजार डॉलरच्या वरचे नवे ग्रिल पाहायला जाताना मी खिशात लोहचुंबक नेला. 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असते, त्यामुळे ते गंजाला सहजी दाद देत नाही आणि चुंबक त्याला सहसा धरत नाही. जवळपास निकेलच नसलेल्या स्वस्त 430 ला तो लगेच चिकटतो. दुकानातल्या पहिल्या ग्रिलच्या झाकणावरून चुंबक घसरला, पण जाळी उचलून बर्नरच्या नळीला लावताच टक्कन बसला. मीठ, चरबी आणि ज्वाळा यांचा मारा सोसणाऱ्या भागावरच पैसे वाचवलेले पाहून मला मनापासून वाईट वाटले. त्याच्या बाजूला मांडलेल्या दुसऱ्या ग्रिलची भट्टी ओतीव अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे लोखंडासारखी न गंजणारी होती. झाकण उघडून बाजूला हलवले तरी बिजागरी खुळखुळली नाही. हमीपत्रात बर्नरची मुदत वेगळी दिलेली असते, ती वाचली, सुटे बर्नर मिळतात याची खात्री केली आणि तेच घेतले.