घरातल्या फोटोसाठी कॉम्पॅक्ट: यादी संपली, बोरन्हाण तोंडावर

मंडळी, मागच्या अपडेटनंतर बरंच पुढं सरकलंय. ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो, मला खिशात नाही तरी निदान छोट्या पाउचमध्ये मावणारा कॅमेरा पायजे, जुना चालेल, आणि काम एकच, घरात, संध्याकाळनंतर, बल्बच्या उजेडात हलणाऱ्या पोराचा फोटो. पोरगी चालायला लागलीय म्हणजे चालते कमी आणि पळते जास्त. संक्रांतीनंतर तिचं बोरन्हाण आहे, ते पण आमच्या जुळे सोलापूरच्या फ्लॅटमध्ये नाही तर उत्तर कसब्यात आज्जीच्या माळवदाच्या घरात, कारण आज्जी म्हणाली तुझ्या बापाचं इथंच झालं, हिचं पण इथंच. विषय संपला.

फोन का नाही हे परत परत विचारतात म्हणून लिहितो. बसलेल्या माणसाचा फोटो फोन लै भारी काढतो, भांडण नाही. पण कमी उजेडात फोन एकामागे एक पाच-सात फ्रेम घेतो आणि त्या जोडून एक फोटो बनवतो, पोर तेवढ्यात मान फिरवतं आणि चेहऱ्याचा लगदा होतो. भिंतीवरचं कॅलेंडर मात्र एकदम शार्प.

दुकानाचा अनुभव लिहायचा तर नव्या पेठेत एका ठिकाणी गेलो, त्यानं पहिल्यांदा काय दाखवलं असेल तर तीसपट झूमवाला. मी म्हणलं दादा मला सिद्धेश्वराच्या तळ्याच्या पलीकडचा बगळा काढायचा नाहीये, मला माजघरातली पोरगी काढायचीय. त्या टाइपच्या कॅमेऱ्यात सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, १/२.३ इंची, म्हणजे ६.२ बाय ४.६ मिमीच्या आसपास, आणि लेन्स सुरू होतानाच एफ ३.५ वगैरे (एफचा आकडा जेवढा लहान तेवढी लेन्स जास्त उघडते). एक इंची म्हणतात तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमी असतो, क्षेत्रफळ काढून बघा, चौपट होतं. त्यात लेन्स एफ १.८ असली की अजून साडेतीन-चार पट उजेड. दोन्ही मिळून पंधरापट. घरात फोटो काढणाऱ्यानं झूमचा आकडा बघायचाच नाही असं माझं आता स्पष्ट मत झालंय, मेगापिक्सेलचा तर त्याहून नाही.

पण एफ १.८ लिहिलंय म्हणून पण भुलायचं नाही, इथं खरी मेख आहे. कॅमेऱ्यावर १.८-४.९ असं लिहिलेलं असतं ना, तो पहिला आकडा फक्त पूर्ण वाइडला, म्हणजे झूम अजिबात न करता. पोराचा चेहरा २४-२८ वर (हे झूमचे मिमीतले आकडे, लहान म्हणजे वाइड) जवळ जाऊन काढला तर नाक मोठं आणि कान गायब, त्यामुळं आपण ३५ ते ५० मध्येच राहतो. म्हणजे बघायचं काय, तर ३५ ला आणि ५० ला लेन्स किती उघडते. आज्जीच्या माजघरात फोनवरच्या लक्स ॲपनं मोजलं, साधारण ६० लक्स (उजेड मोजायचं माप). (ॲप म्हणजे काय फार अचूक नसतं, पण तुलनेला चालतं.) शटर सेकंदाच्या १/१२५ भागावर ठेवलं तर या उजेडात हिशोब असा बसतो: एफ १.८ ला आयएसओ (हा वाढवला की फोटो उजळतो पण दाणे वाढतात) १६००, एफ २.८ ला ४०००, आणि एफ ४.९ ला १२५०० च्या पुढं. म्हणजे एकाच कॅमेऱ्यात झूमचं बटण जरा जास्त दाबलं की चांगला फोटो रांगोळी होतो.

ऑफिसातल्या एकाचा सोनी आरएक्स१००, पहिला, २०१२ चा, उसना आणला होता. त्याच्या नुसत्या एक इंची सेन्सरला इतक्या वर्षांनी पण नावं ठेवायला जागा नाही. पण २८-१०० ची लेन्स तिकडच्या टोकाला ४.९ होते, आणि साधा आयएसओ ६४०० ला थांबतो, म्हणजे माजघरात पूर्ण झूम विसरायचं. त्याची एक गोष्ट मात्र लै आवडली. वरती उघडणारा फ्लॅश स्प्रिंगच्या दांडीवर असतो, बोटानं मागं दाबून धरला की उजेड छताला जाऊन खाली पसरतो. फ्लॅटमध्ये हॉलचा स्लॅब पांढरा आहे, तिथं असा फोटो काढला तर बायको म्हणाली हा स्टुडिओतला वाटतोय. तोच फ्लॅश सरळ मारला तर तेलकट कपाळ, मागं काळी सावली, आणि पोरगी डोळे मिटून.

मग यादीत राहिले आरएक्स१०० मार्क ३, कॅनन जी७ एक्स मार्क २ आणि पॅनासॉनिक एलएक्स१००. रिकोह जीआर ३ चा मोह झाला होता, एवढ्याशा बॉडीत एपीएस-सी, म्हणजे एक इंचीहून बराच मोठा सेन्सर, चेष्टा नाही, पण लेन्स २८ ची फिक्स, एफ २.८, आणि आत फ्लॅश नाही. रस्त्यावर फिरून काढणाऱ्यांसाठी सोनं, माझ्या कामाचा नाही.

सोनीचा मार्क ३ (२०१४) २४-७० आहे, १.८-२.८, वर उघडणारा व्ह्यूफाइंडर, बोटानं वळणारा फ्लॅश तसाच. पण १.८ वाइडवरून जरा हललं की पटकन २.८ वर येतो, पस्तिशीला पोचेपर्यंत आलाच समजा. कॅननचा (२०१६) मधल्या पट्ट्यात जरा सावकाश खाली येतो, ३५-४० ला साधारण सव्वादोन-अडीच मिळतं, झूम १०० पर्यंत आणि तिथंसुद्धा २.८ च. स्क्रीन वर उलटी होते, म्हणून घरच्यांचं मत एकमुखानं कॅननला. पण हॉट शू, म्हणजे वरती वेगळा फ्लॅश बसवायची खाच, नाही. शिवाय रील्सवाल्या पोरापोरींनी जी७ एक्सला हात घातल्यापासून जुन्याच्या किमती अशा चढल्यात की विचारायची सोय नाही.

एलएक्स१०० (हा पण २०१४ चाच) आकारानं जरा ढब्बू. स्क्रीन फिरत नाही, टच नाही, आणि आत फ्लॅश नाही, डब्यात एक चिमुकला वेगळा मिळतो. मग का? एक तर सेन्सर. फोर थर्ड्स नावाच्या मोठ्या मापाचा आहे, पूर्ण वापरत नाही, पण जेवढा वापरतो तेवढा एक इंचीच्या दीडपट भरतो. लेन्स २४-७५, १.७-२.८. आणि वरती हॉट शू, म्हणजे मान वळणारा छोटा फ्लॅश लावता येतो, बोट दुखेपर्यंत धरून बसायला नको. १२.८ मेगापिक्सेलच आहेत म्हणून आमच्या वहिनीचा भाऊ हसला. म्हणलं ४११२ बाय ३०८८ होतात, ३०० डीपीआयला १३ इंच रुंद प्रिंट निघतो, तुमच्या लग्नाच्या अल्बमचं पान १२ चं आहे. मग चहा पिला गप्प.

तर घेतला एलएक्स१००, पुण्याहून, जुना. घेताना काय बघितलं ते लिहितो कारण मेसेजमध्ये विचारतायत. लेन्स आत-बाहेर करताना खरखर येते का, एफ ११ ला पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून मोठा करून डाग दिसतात का (बाहेर येणाऱ्या लेन्समधनं धूळ आत ओढली जाते, आणि सोलापुरात धुळीला काय तोटा), हॉट शूवर फ्लॅश पेटतो का, बॅटरी फुगली आहे का. दोन बारके डाग निघाले, एफ ४ च्या खाली दिसत नाहीत, आणि मी तर एफ ४ च्या वर जाणारच नाही, तेवढ्यावर भाव पाडून घेतला. सोबत गोडॉक्सचा टीटी३५० फ्लॅश, पॅनासॉनिक-ऑलिम्पसला चालणारा.

आता माळवदाचं दुखणं. फ्लॅटमध्ये स्लॅबवर मारलेला उजेड परत येतो, आज्जीकडं वर सगळ्या सागवानी तुळया आणि फळ्या, धुरानं काळ्या झालेल्या. तिथं छताला फ्लॅश मारला तर तो वरच जिरतो, खाली काही येत नाही. भिंतीवर मारावा तर सोप्याच्या भिंती निळ्या डिस्टेंपरच्या, पोरगी निळी. (फ्लॅटमध्ये पण ही भानगड आहे बरं का, एक भिंत हौसेनं पोपटी केलीय, त्या बाजूला फ्लॅशचं तोंड करायचं नाही.) उपाय सोलापूरचाच सापडला. मी टर्की टॉवेलच्या कारखान्यात हिशोबाला आहे, तिथनं पांढरे मोठे बाथ टॉवेल आणले आणि तुळयांच्या खिळ्यांना ताणून बांधले, पाटाच्या बरोबर वर आणि थोडे माझ्या बाजूला. आज्जी खाटेवरनं बघत होती, म्हणाली, "मांडव घालायलास का रे, अजून तर लग्नाला वेळ हाय तिच्या." पण आयएसओ ८०० वर स्वच्छ फोटो आला, डोळ्यात खळग्यासारखी सावली नाही, काही नाही. एक टॉवेल पाटाखाली पण अंथरला, हनुवटीखालचा काळोख गेला.

बोरन्हाणाला अजून एक वेगळी अडचण आहे जी कुठल्या रिव्ह्यूत लिहिलेली नसते. पोराला काळं झबलं आणि त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने. कॅमेऱ्याला फ्रेममध्ये काळं जास्त दिसलं की तो ते राखाडी करायला बघतो, उजेड वाढवतो, आणि हलवा नुसता पांढरा फट्ट, काटे गायब. हलव्याचे काटे नाही दिसले तर आत्यानं पंधरा दिवस बसून केलेल्या दागिन्यांचा काय उपयोग. त्यामुळं उणे २/३ वर एक्सपोजर, म्हणजे उजेड जरा कमी, ठेवायलोय, काळं झबलं काळंच राहतंय. चाचणीला पोरगी झोपली होती म्हणून तिच्या बाहुलीला काळा रुमाल गुंडाळून गेल्या वर्षीचा हार घातला.

दुसरं म्हणजे डोक्यावरनं पडणारं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, रेवड्या, आणि हल्ली गोळ्या-चॉकलेटं. अर्ध्या मीटरवरनं पडलेलं बोर खाली येताना सेकंदाला तीन मीटरच्या आसपास वेग धरतं, १/१२५ मध्ये ते अडीच सेंटिमीटर सरकतं, म्हणजे बोराची काकडी दिसते. १/५०० ला अर्धा-पाऊण सेंटिमीटर, चालतंय. नुसत्या बल्बवर १/५०० म्हणजे आयएसओ परत आभाळात, म्हणून ओतायच्या वेळी फ्लॅशच. फ्लॅशचा झटका हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, तोच बोर हवेत थांबवतो. आणि अशा कॅमेऱ्यात शटर लेन्समध्येच असल्यानं मोठ्या कॅमेऱ्यासारखी १/२०० ची अडचण (त्याहून वेगवान शटरला फ्लॅशचा उजेड फोटोच्या काही भागावरच पडतो) येत नाही. बाकी वेळेला, म्हणजे औक्षण, आज्जीच्या मांडीवर, वाटी हातात धरून रडारड, तिथं फ्लॅश बंद, शटर प्रायॉरिटी (शटर मी ठरवतो, बाकी कॅमेरा) १/१२५, ऑटो आयएसओ ३२०० ला बांधलेला, झूम ३५ च्या आसपास. निरांजनाच्या उजेडात फ्लॅश मारणाऱ्यांशी मी बोलत नाही.

सायलेंट मोड, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, मात्र बंद ठेवलाय. माजघरातला ९ वॉटचा स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या लायनीवर सेकंदाला शंभर वेळा उजेड कमी-जास्त करतो, इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे फोटोभर आडवे काळे पट्टे येतात. साध्या शटरवर पट्टे नाहीत, फक्त लागोपाठच्या फोटोत कुठला उजळ कुठला मळका एवढंच, ते नंतर सारखं करता येतं. सोप्यात पांढरी ट्यूब, माजघरात पिवळा बल्ब, त्यामुळं मधल्या दारात उभं राहिलेल्या माणसाचा एक गाल निळा आणि एक पिवळा. ट्यूब बंद करून पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स सेट केला, प्रश्न मिटला. दादा ट्यूब परत लावतो, त्याच्यावर लक्ष ठेवायला पुतण्याला बसवणार आहे.

राहिलेली कामं: जादा बॅटरी, कारण कंपनीचा ३०० फोटोंचा आकडा थंड हातानं एकेक फोटो काढणाऱ्याचा असणार. आणि पाट झरोक्याखाली सरकवून बघायचाय, दुपारी चारला तिथं उन्हाची तिरीप येते का ते. आली तर टॉवेल, फ्लॅश सगळं गुंडाळून ठेवतो आणि आज्जीला म्हणतो कार्यक्रम सहाचा चारला घे. ती ऐकेल असं वाटत नाही, बायकांना हळदीकुंकवाचं बोलावणं सहाचंच गेलंय.