कशाची नाणी जमवायची, हे ठरवताना

नाणी जमवते असं सांगितलं की बहुतेक जण विचारतात, "किती आहेत?" मुरलेला संग्राहक मात्र विचारतो, "कशाची जमवता?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडावर असायचं. दुसऱ्याला मी "सगळीच" म्हणायचे, आणि समोरचा समजूतदारपणे मान डोलवून विषय बदलायचा.

'सगळीच' म्हणजे काय, ते कॅटलॉग उघडल्यावर कळतं. जगभरच्या नाण्यांचे जाडजूड कॅटलॉग शतकागणिक वेगळ्या खंडांत निघतात. त्यात एकेका नाण्याखाली सालांची यादी, एकेका सालापुढे टांकसाळींची अक्षरं आणि त्या साली किती नाणी पाडली त्याचे आकडे. असा एक खंड मन लावून चाळला की कुठलाही शहाणा माणूस 'सगळीच' हा शब्द मागे घेतो. मीही घेतला. पण मग कशाची, हे ठरायला बराच काळ गेला, आणि तो काळ मला संग्रहातला सगळ्यात रंजक वाटतो, म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात बहुतेकांसारखी देशांपासून केली. प्रत्येक देशाचं एक नाणं. हा रस्ता सोपा आहे, अल्बम भराभर भरतो, आणि दाखवायला छान दिसतो. थोड्याच दिवसांत 'देश' म्हणजे काय हा घोळ सुरू होतो. पूर्व आफ्रिकेचं भोक पाडलेलं नाणं, ज्यावर एकाच वेळी अनेक वसाहतींचा कारभार चालायचा, ते कोणाचं? नकाशावरून पुसल्या गेलेल्या डची (युरोपातल्या ड्यूकांची छोटी राज्यं) आणि सुलतानशाह्या धरायच्या का? हे प्रश्न मजेचे आहेत, पण माझी अडचण वेगळीच होती. पान उलटताना मला एकाही नाण्याबद्दल दोन वाक्यांपलीकडे काही सांगता येत नव्हतं. सगळ्यांशी ओळख आणि मैत्री कोणाशीच नाही.

मग सालवार संग्रह. एकच नाणं घ्यायचं आणि त्याची सगळी सालं, सगळ्या टांकसाळी जमवायच्या. भारतीय नाण्यांत सालाखाली हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता, एवढं कळलं तरी हातात येणाऱ्या सुट्ट्या पैशांकडे बघायची नजर बदलते. अमेरिकेत लिंकनच्या एक सेंटच्या नाण्यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत. त्याचं पहिलंच साल 1909. त्या साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत नक्षीकाराची 'व्ही. डी. बी.' ही आद्याक्षरं असलेली नाणी 4,84,000 पाडली गेली आणि आद्याक्षरांवरून ओरड झाल्यावर ती अक्षरं काढून टाकली. सालवार संग्रहाचा स्वभाव या एका उदाहरणात येतो: अल्बमची बहुतेक भोकं हसतखेळत भरतात आणि उरलेली एकदोन तुमची सगळी बचत मागतात. ज्यांना यादी पुरी करण्यात आनंद मिळतो त्यांनी हेच करावं, त्यासारखं सुख नाही. माझा पिंड तो नाही. मी नाण्याकडे कमी आणि रिकाम्या भोकाकडे जास्त बघायला लागले होते.

विषयवार संग्रहाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. प्राणी, जहाजं, पक्षी, खेळ असे विषय घेऊन लोक जमवतात. पूर्वी हे ठीक होतं. आता टांकसाळींना हे विषय पाठ झाले आहेत. लहान लहान बेटांच्या नावाने रंगीत, चकचकीत, व्यवहारात कधीही न वापरली जाणारी नाणी सतत निघत असतात, आणि ती तुमच्यासारख्या जमवणाऱ्यासाठीच निघतात. तुम्ही 'घुबड' ठरवलंत की पुढच्या वर्षी नवी घुबडं हजर. या वाटेने जायचंच असेल तर 'प्रत्यक्ष व्यवहारात फिरलेलीच नाणी' एवढी एक अट घालून घ्यावी. विषय लगेच आटोक्यात येतो. आणि नवख्याला मी आजही जन्मसालाचा संच सुचवते: आपण जन्मलो त्या साली जगात कुठे कुठे कोणती नाणी निघाली, तेवढीच जमवायची. त्याला शेवट आहे, आणि वाटेत बरंच काही शिकायला मिळतं.

एवढं सगळं करून झाल्यावर मी उलटा प्रयोग केला. यादीवरून विषय शोधण्याऐवजी जवळची सगळी नाणी टेबलावर ओतली आणि एकच कसोटी लावली: कॅटलॉगला हात न लावता ज्या नाण्याबद्दल पाच मिनिटं बोलता येईल, ते डावीकडे. बाकीची उजवीकडे. डावीकडचा ढीग अगदीच लहान झाला. त्यात एकही दुर्मीळ नाणं नव्हतं, दोनतीन तर चांगलीच झिजलेली होती. पण त्यांच्यात काहीतरी समान आहे असं वाटत राहिलं. देश वेगळे, धातू वेगळे, राजे-राण्या वेगळ्या. एकदा सगळी नाणी सालाची बाजू वर करून ओळीत मांडली, तेव्हा लक्षात आलं की यातल्या जवळजवळ प्रत्येकावरचं साल खोटं आहे.

नाणी खोटी नव्हेत, साल खोटं. म्हणजे ज्या वर्षी नाणं पाडलं ते वर्ष त्यावर नाही.

यातलं सगळ्यांत प्रसिद्ध नाणं म्हणजे मारिया थेरेसाचा थेलर. जवळपास 40 मिलिमीटरचं, 28 ग्रॅमहून किंचित जड, हजारी 833 (हजारात 833 भाग शुद्ध) चांदीचं. साल 1780. ऑस्ट्रियाची ही राणी त्याच वर्षी नोव्हेंबरात वारली, पण तिचं नाणं मेलं नाही. तांबड्या समुद्राच्या आसपास, अरबस्तानात, इथिओपियात कॉफीच्या आणि इतर व्यापारात लोकांना हेच नाणं हवं असायचं, नवा चेहरा आणि नवं साल कोणी घेईना. म्हणून टांकसाळी 1780 चंच नाणं पाडत राहिल्या. 1935 मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर चाल करायच्या वेळी ऑस्ट्रियाकडून साचे मिळवले. मग लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स यांनीही आपापले थेलर पाडायला घेतले. 1940 च्या सुमाराला मुंबईच्या टांकसाळीतही ते पडले. सगळ्यांवर तीच राणी, तेच 1780.

माझ्याकडचा थेलर भिंगाखाली धरला की पहिल्यांदा नजर जाते ती राणीच्या खांद्यावरच्या ब्रोचकडे. त्याच्याभोवती मोत्यांचे बारीक उठाव आहेत. घेणारे हे मोती मोजून नाणं पारखायचे असं सांगतात, आणि ते पटतं, कारण झिजलेल्या नाण्यावर पहिल्यांदा तेच सपाट होतात. दंडाखाली 'एस. एफ.' ही अक्षरं. नाणं आडवं धरून फिरवलं की कडेवर उठावाची लॅटिन अक्षरं, 'न्याय आणि दया' अशा अर्थाची. आणि मागे दोन डोक्यांचा गरुड. नाणं खरोखर कुठलं आणि साधारण कधीचं, ते ठरवायला अभ्यासक या गरुडाच्या शेपटीतल्या पिसांची मांडणी बघतात, मोती बघतात, अक्षरांमधलं अंतर बघतात. साल लपवतं ते पिसं सांगतात.

इथे माझा विषय ठरला: साल गोठलेली नाणी. आणि एकदा ठरल्यावर ती दिसायला लागली.

मुघल बादशहा शाह आलम दुसरा याच्या नावाचा बंगालचा रुपया घ्या. त्यावर बादशहाच्या कारकिर्दीचं 19 वं वर्ष आहे, म्हणून त्याला '19 सन सिक्का' म्हणतात. ईस्ट इंडिया कंपनीने हे वर्ष मुद्दाम गोठवलं, आणि कारण फार व्यवहारी होतं. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीला चालायचा, जुन्या वर्षाच्या रुपयावर सराफ बट्टा कापायचे. नाणं झिजलेलं नसलं तरी नुसतं साल जुनं म्हणून किंमत कमी. सगळ्याच रुपयांवर एकच साल टाकलं की जुनं-नवं ओळखायचं कसं? बट्ट्याचा आधारच गेला. पण संग्राहकाला ओळखता येतं: कडेवरच्या रेघा तिरक्या असतील तर आधीचा, उभ्या असतील तर नंतरचा, कड साधी असेल तर त्याहून उशिराचा. म्हणजे या रुपयाचं खरं वय कडेवर लिहिलेलं आहे.

व्हिक्टोरियाचा 1840 चा रुपया असाच. तेच साल पुढे दोन दशकं चाललं. राणीच्या डोक्याभोवतीची अक्षरं एका सलग ओळीत असतील तर आधीचा, दोन्ही बाजूंना विभागलेली असतील तर नंतरचा. त्यानंतरचा 1862 चा रुपया 1874 पर्यंत त्याच सालाने निघाला, पण मुंबईच्या टांकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके वाढवत नेऊन वर्षाची खूण ठेवली. हे ठिपके मोजताना आपण चोरून कोणाची तरी हिशेबाची वही वाचतोय असं वाटतं.

विषय मिळाला म्हणजे काम संपलं असं नाही. हद्द आखावी लागते, नाहीतर दोन महिन्यांत परत 'सगळीच'. सोनं मी सुरुवातीलाच बाहेर ठेवलं. ब्रिटिश टांकसाळीने 1949 ते 1952 च्या दरम्यान 1925 साल टाकून सॉव्हरिन पाडले, ऑस्ट्रियाचे 1915 सालचे सोन्याचे डुकॅट पुढे कितीतरी वर्षं पाडले गेले, मेक्सिकोचं 1947 चं 50 पेसोंचं नाणंही तसंच. विषयात हे सगळं चपखल बसतं. पण सोन्याच्या नाण्याची किंमत सोन्याच्या भावाने हलते, आणि मला नाण्याकडे बघताना भाव बघायची सवय लावून घ्यायची नव्हती.

दुसरी अट जास्त महत्त्वाची ठरली: खरं साल किंवा निदान खरा काळ नाण्यावरूनच ओळखता आला पाहिजे. या अटीने माझ्या लाडक्या ढिगातलं एक नाणं बाहेर काढलं. अमेरिकेत 1964 च्या सुमाराला सुट्ट्या नाण्यांची भयंकर टंचाई झाली. लोक नवी नाणी दडवून ठेवत होते, म्हणून सरकारने सालच पुढे सरकवलं नाही आणि 1964 ची चांदीची नाणी 1966 पर्यंत पडत राहिली. गोष्ट छानच आहे. पण 1964 मध्ये पाडलेलं डाइम (दहा सेंटचं नाणं) आणि 1965 मध्ये पाडलेलं डाइम शेजारी ठेवून भिंगाने कितीही बघा, फरक कळत नाही. शोधायला काही नाही म्हटल्यावर माझ्या संग्रहात त्याला जागा नाही. जड मनाने नव्हे, अगदी हलक्या मनाने दिलं ते. नाही म्हणता येणं हा विषय ठरवण्याचा पहिला फायदा.

जपानचं शोवा 64 सालचं, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीच्या 64 व्या वर्षाचं नाणंही असंच बाजूला राहिलं. सम्राट 7 जानेवारी 1989 ला वारले, त्यामुळे ते वर्ष जेमतेम एक आठवडा टिकलं. साल विलक्षण आहे, पण गोठलेलं नाही. एका मित्राचा संग्रह अशा आखूड सालांचा आहे, त्याच्याकडे ते गेलं आणि बदल्यात मला उभ्या रेघांचा 19 सन सिक्का मिळाला. दोघांचे विषय ठरलेले असले की अदलाबदल किती सोपी होते, हे आधी ध्यानात आलं नव्हतं.

या विषयाचं शिखर माझ्या आवाक्यात कधीच येणार नाही. अमेरिकेचा 1804 सालचा डॉलर खरं तर 1834 मध्ये पहिल्यांदा पाडला गेला, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना भेट देण्यासाठीच्या संचांत घालायला. 1804 मध्ये जे डॉलर पडले त्यांच्यावर 1803 होतं. एकूण जेमतेम पंधरा-सोळा नाणी ज्ञात आहेत. सालवार संग्रह असता तर या रिकाम्या भोकाने माझी झोप उडवली असती. इथे तसं होत नाही. भोकच नाही, कारण यादी नाही. त्या डॉलरबद्दल वाचते, चित्रं बघते, आणि पुन्हा माझ्या झिजक्या रुपयांकडे वळते.

सध्या डोक्याला ताप आहे तो शाह आलमच्या नावाच्या बाकीच्या रुपयांचा. तो 1806 मध्ये वारला, तरी कितीतरी संस्थानांच्या टांकसाळी त्याच्या नावाने पुढे अनेक वर्षं रुपये पाडत होत्या, बऱ्याचदा गोठलेल्या सालाने. विषय अगदी माझाच. पण हाताने ठोकलेल्या या नाण्यांचा साचा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे साल बहुतेक वेळा अर्धवट कापलेलं किंवा काठाबाहेर गेलेलं असतं. साल दिसतच नसेल तर ते खोटं आहे हे सिद्ध कसं करायचं? खुणेवरून, चिन्हावरून, फारसी अक्षरांच्या वळणावरून करणारे लोक आहेत. म्हणून फारसी अंक आणि निदान टांकसाळींची नावं वाचायला शिकायला घेतलं आहे. ते जमेपर्यंत असे रुपये घ्यायचे नाहीत असं ठरवलंय. पाकिटात दोन आधीच येऊन पडले आहेत, ते अदलाबदलीत आले, तेव्हा ते धरायचे नाहीत.